झाडावर दोराने चढताय? मग ही पकडणारी गाठ नीट समजून घ्या

सह्याद्रीत दोर लावून कडे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना प्रुसिक (दोराभोवती वेढे घेऊन बांधलेली, हाताने सरकणारी पण वजन पडलं की दोर पकडणारी गाठ) काही नवीन नाही, रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, बॅकअप म्हणून सहा एमएमची कॉर्ड (बारीक दोरी) हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, लटकलेलीच असते. पण तीच कॉर्ड घेऊन कुणी आंब्याच्या फांद्या छाटायला वर निघालं की मी आधी थांबवतो. कड्यावर ती गाठ बहुतेक वेळ नुसती सोबत असते, झाडावर मात्र तुम्ही तासन् तास तिच्यावरच बसलेले असता, तीच सरकवत वर जाता आणि तीच सैल करत खाली येता. काम वेगळं, म्हणून सामानही वेगळं.

साधारण हिशोब असा, की झाडाचा दोर साडेअकरा ते तेरा एमएमचा आणि गाठीची कॉर्ड आठ ते दहाची. कॉर्ड फार बारीक असली तर इतकी आवळते की सुटता सुटत नाही, दोराइतकीच जाड असली तर पकडतच नाही. कॉर्ड कशाची आहे तेही बघा. नायलॉन साधारण सव्वादोनशे-अडीचशे डिग्रीला वितळतं, डायनीमा हा दुसरा कृत्रिम धागा तर दीडशेच्या आसपासच, आणि भरभर खाली आलात तर गाठीत तेवढी उष्णता सहज तयार होते. म्हणून झाडावर काम करणारे अरॅमिडचं (केवलारसारख्या उष्णता सोसणाऱ्या धाग्याचं) आवरण असलेली कॉर्ड घेतात, अरॅमिड वितळत नाही. महाग आहे, पण इथे काटकसर नको.

आता गाठ कुठली? प्रुसिक ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने 1931 मध्ये मांडली. सोपी आहे आणि चुकली तर लगेच दिसते, पण वजन पडल्यावर घट्ट बसते आणि दर फुटाला सोडवत बसायचा वैताग येतो. नवीन माणसाला मी ब्लेक नावाची गाठ सांगतो. वेगळी कॉर्ड लागत नाही, दोराच्याच टोकाने बांधता येते. टोक चढाईच्या दोराभोवती खालून वर चार वेढे घ्या, खालचे दोन अंगठा घालून जरा सैल ठेवा. मग टोक खाली आणा, तुमच्या हार्नेसकडून येणाऱ्या भागाच्या पुढून घ्या, चढाईच्या दोराच्या मागून फिरवा आणि अंगठ्याच्या जागी, म्हणजे खालच्या दोन वेढ्यांच्या आतून, बाहेर काढा. उरलेल्या शेपटीला आठाची गाठ मारा, ती नसेल तर शेपटी हळूहळू आत सरकत जाते. टोक दोनऐवजी एकाच वेढ्यातून गेलं तर लांबून गाठ बरोबरच वाटते आणि वर गेल्यावर उलगडते, त्यामुळे दर वेळी वेढे बोटाने मोजा, डोळ्यांवर जाऊ नका. व्हीटी (वाल्डोतेन ट्रेस) आणि डिस्टेल या पकडणाऱ्या गाठीही मस्त चालतात, पण त्या वेढ्यांच्या संख्येवर फार अवलंबून असतात, म्हणून त्या नंतर.

बांधून झाली की वेढे एकमेकांवर चढलेले नाहीत ना ते बघून सारखे करा, हाताने आवळा, आणि मग जमिनीपासून हातभर वर लटकून जोरात दोन-चार झटके द्या. सरकली तर एक वेढा वाढवा, जाम झाली तर एक कमी करा (हे प्रुसिक-व्हीटीसाठी, ब्लेकला चारच). ही टेस्ट रोज करायची. दोर नवा असला, कॉर्ड बदलली, पावसात भिजली, फणसाचा चीक लागला, सोबत्याचं वजन तुमच्यापेक्षा वीस किलो जास्त आहे, यातल्या प्रत्येक वेळी गाठ वेगळी वागते.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. दोर फांदीवरून घेऊन परत स्वतःकडे आणला असेल तर वजन दोन्ही बाजूंना वाटलं जातं, गाठीवर साधारण निम्मं येतं, आणि उतरताना सालीवरचं घर्षण त्यातलंही थोडं खातं. तोच दोर दुसऱ्या दिवशी पुलीतून घेतला, की सालीची मदत गेली आणि कालची छान गाठ आज घसरते. आणि दोर वर पक्का बांधून एकाच दोरावर चढत असाल तर पूर्ण वजन गाठीवर येतं, तिथे नुसत्या गाठीवर राहू नका, वर रोप रेंचसारखं घर्षण वाढवणारं काहीतरी लागतंच.

सगळ्यात मोठा धोका तुमच्याच हाताचा. गाठ वरून दाबली की सुटते, उतरतो आपण तसेच. पाय घसरला किंवा ओंबील, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्या, मानेत शिरले (कोकणात आंब्यावर चढणाऱ्याला सांगायला नको), की माणूस घाबरून हाताला येईल ते पकडतो, आणि हाताला नेमकी गाठच येते. ती दाबून धरली की ती पकडणारच नाही. म्हणून खाली असतानाच मुद्दाम लटकून सवय करा: दचकलं की हात गाठीवरून काढायचा. दोर ढिला सोडू नका, आणि दोर अडकवलेल्या फांदीच्या वर जाऊ नका, झटका बसला की कॉर्ड जळू शकते. दोराच्या खालच्या टोकालाही गाठ हवी, नाहीतर दोर कमी पडला की थेट टोकावरून बाहेर.

करवत हातात घेतलीत की दुसरा आधार लागतोच, कमरेचा लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला छोटा दोर) खोडाला गुंडाळा. ताणलेल्या दोराला हातकरवतीचा एक दात लागला तरी पुरे. शेवगा, पांगारा, गुलमोहर यांच्या फांद्या बेभरवशाच्या, तिथे कितीही भारी गाठ मारा, फांदीच मोडली तर काय करणार. दोर चिंचेसारख्या दणकट झाडाच्या जाड फाट्यातून घ्या.

घरी आल्यावर कॉर्ड बोटांतून फिरवून बघा. एखादी जागा चकचकीत, कडक लागली म्हणजे ती वितळून गेली आहे, बाद. आवरण फाटून आतले धागे दिसले, बाद. आणि बाद केलेली कॉर्ड तिथेच कापून तुकडे करा, कोपऱ्यात पडू दिली तर पुढच्या सीझनला कुणीतरी नेमकी तीच उचलतं.