मॅग्नेटिक टाइल्स रंगवायला बसण्याआधी

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत इमारतीतली चार-पाच मुलं घरी जमवून मॅग्नेटिक टाइल्स, म्हणजे कडांना चुंबक असलेले आणि एकमेकांना जोडून घरं-बुरूज बांधायचे चौकोनी-त्रिकोणी तुकडे, रंगवायचा बेत असेल, तर तयारीला आदल्या संध्याकाळीच लागा. रंग आणि ब्रश शेवटी काढले तरी चालतात. आधी सगळ्या टाइल्स जमिनीवर पसरा आणि एकेक हातात घेऊन उजेडासमोर धरा. कडेच्या खाचांमध्ये बसवलेले छोटे चुंबक दिसतील. टाइल हलवली की आत बारीक खुळखुळ ऐकू येते. त्याने घाबरू नका, बऱ्याच संचांमध्ये चुंबक खाचेत फिरते ठेवलेले असतात. म्हणूनच टाइल कशीही उलटसुलट धरली तरी चुंबक आपोआप फिरतात आणि कडा एकमेकींना ओढून घेतात. बघायचं ते कोपऱ्यांकडे. कोपरा उकललाय का, प्लास्टिकच्या दोन पत्र्यांमधल्या सांध्यात नख शिरतंय का, कुठे केसासारखा तडा आहे का, हे बोट फिरवून तपासा. अशी टाइल सापडली तर चिकटपट्टी लावून परत खेळात घेऊ नका, ती सरळ बाजूला काढा. हे काम रंगवण्याआधीच करायचं, कारण एकदा पारदर्शक टाइलवर रंग चढला की तडा दिसत नाही आणि नेमका तोच तुकडा मुलाच्या हातात फुटतो.

एवढी काळजी का, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. मुलाने मणी गिळला तर तो बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतो. दोन चुंबक गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांमधून एकमेकांना खेचतात, मधली भिंत चिमटतात आणि तिथे भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल अगदी नेहमीसारखं खेळत असतं. म्हणून नुसती शंका आली तरी पोट दुखायची वाट पाहू नका, उलटी काढायला लावू नका. थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि "चुंबक गिळला असावा" हे शब्द स्पष्ट सांगा. कोणाच्या तरी फोनमध्ये जवळच्या रुग्णालयाचा नंबर आधीच असू द्या. तीन वर्षांखालचं धाकटं भावंड येणार असेल तर त्याच्यासाठी दुसऱ्या खोलीत दुसरा खेळ मांडा. आजी-आजोबांपैकी कोणाला पेसमेकर बसवला असेल तर टाइल्स त्यांच्या छातीपासून निदान सहा इंच लांब राहायला हव्यात. नातवंडं प्रेमाने मांडीत येऊन ढीग ओततात, म्हणून हे मुलांनाही आधी सांगून ठेवा.

नवा संच घेणार असाल तर खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळता येतो. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे, ते जरूर करा. खोकं नसलेला सुटा माल कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

तुकड्यांचा हिशोब सोपा आहे. चार चौकोनांच्या भिंती आणि वर चार समभुज त्रिकोणांचं छप्पर म्हणजे एक घर, आठ तुकडे. मुलं एका घरावर थांबत नाहीत, तेव्हा दरडोई वीसेक तुकडे धरा. पण रंगवायला प्रत्येकाला चार-पाचच द्या. सगळेच रंगवायला घेतले तर बांधायला कोरडं काही उरत नाही.

काय रंगवायचं हे मुलांनी ठरवावं, तरी एक विषय हाताशी असावा. माझ्या मते वारली चित्रांसारखा विषय नाही. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर ते सगळं जग उभं असतं आणि टाइल्सचे आकारही तेच. पालघर जिल्ह्यातल्या या भिंतीवरच्या कलेला जिव्या सोमा मशे यांनी जगासमोर नेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांचे एक-दोन फोटो मोठे छापून भिंतीला लावा. माणूस कसा होतो ते मुलांना दाखवा: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं. मुलं लगेच दोन त्रिकोणी टाइल्स टोकाला टोक लावून बघतात आणि त्या चिकटत नाहीत, कारण चुंबक कडांना आहेत, टोकांना नाहीत. हे त्यांचं त्यांना कळू द्या, मध्ये बोलू नका.

वारली चित्रांमागचा गेरूचा रंग मात्र आदल्या रात्री तुम्हीच द्या. गेरूच्या छटेचं ॲक्रेलिक स्पंजने पातळ टिपत दोन हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. त्याआधी चारही कडांवर बोटभर रुंद मास्किंग टेप लावा. कडेवर रंगाचा थर साचला की दोन टाइल्समध्ये फट राहते, पकड ढिली पडते आणि मूल म्हणतं, "माझी टाइल खराब झाली." मुलांच्या हातात पांढरा पोस्टर कलर द्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका. गुळगुळीत प्लास्टिकवर नुसता पोस्टर कलर गोळा होऊन सरकतो, या थेंबाने तो पसरून बसतो. ॲक्रेलिक एकदा वाळलं की पाण्याने सुटत नाही, त्यामुळे चित्र आवडलं नाही तर ओल्या फडक्याने पांढरा रंग पुसायचा आणि गेरूवर पुन्हा काढायचं. वारली चित्रकार टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी वापरतात. लहान हातांना ती जमत नाही, इअरबड आणि बोथट काडी पुरते. रंग डब्यांच्या झाकणांत थोडा थोडा वाढा.

बैठक जमिनीवरच. फरशी सपाट असेल तर बुरूज उभे राहतात, गालिचावर डगमगतात. एका कोपऱ्यात जुनी चादर रंगासाठी, दुसऱ्या कोपऱ्यात मोकळी फरशी बांधकामासाठी, आणि मध्ये हात पुसायला ओलं फडकं. वाळवायला लाकडी पाट किंवा प्लास्टिकचा ट्रे घ्या. ओल्या टाइल्स जवळजवळ ठेवल्या तर टपकन एकमेकींना चिकटतात आणि तासाभराची मेहनत पुसली जाते. म्हणून दोन टाइल्समध्ये वीतभर अंतर हवं. तेवढी जागा मुलांच्या संख्येने गुणून बघा, एक पाट पुरणार नाही हे लगेच लक्षात येईल. वाळेपर्यंत न रंगवलेल्या टाइल्सचा खेळ चालू द्या. लोखंडी कपाटाच्या दारावर आडव्या नक्षी लावत मुलं छान रमतात.

आवरताना टाइल्स पाण्यात बुडवायच्या नाहीत, नळाखाली धरायच्या नाहीत. सांध्यातून पाणी आत गेलं की चुंबक गंजतात. लाकडी तुकडे असतील तर ते फुगतात. डाग निघत नाही म्हणून थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको, त्याने बहुतेक टाइल्सचं प्लास्टिकच विरघळतं. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पुरे. कोणाचं चित्र पुसायचं असेल तर त्या मुलाला आधी विचारा. डबा बंद करण्यापूर्वी तुकडे मोजा, सकाळी मोजून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा, आणि एखादा कमी भरला तर सोफ्याखाली हात घालून तो मिळेपर्यंत कोणाला घरी पाठवू नका.