ग्लेझ तेच, मग रंग वेगळा का?

नवे ग्लेझ (भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा थर देणारे मिश्रण) कालवले की ज्या मातीची भांडी करायची आहेत, तिच्याच सात-आठ चाचणी पट्ट्यांवर ते आधी लावून पाहा. पोर्सेलिनवरचा (पांढऱ्या चिनी मातीवरचा) नमुना पाहून लोहयुक्त मातीवर तोच रंग मागणे व्यर्थ. पारदर्शक ग्लेझमधून मातीचा रंग दिसतोच, शिवाय तिच्यातले थोडे लोह वितळत्या ग्लेझमध्ये उतरते. पोर्सेलिनवर निळसर हिरवे दिसणारे सेलाडॉन ग्लेझ गडद स्टोनवेअर मातीवर मळकट होते.

बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची भाजणी, साधारण १००० अंश सेल्सिअसला करा. ७०० ते ९०० अंशांदरम्यान ताशी १०० अंशांपेक्षा जास्त वेग नको आणि भट्टीचे झरोके उघडे ठेवा. इथे घाई केली तर मातीतला कार्बन पूर्ण जळत नाही; पुढच्या भाजणीत त्याचा वायू ग्लेझ फोडून बाहेर येतो आणि पिनहोल (टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे) राहतात. दोष बहुतेक वेळा ग्लेझवर ढकलला जातो. उलट बिस्क ११०० च्या पुढे गेले, तर माती पाणी कमी शोषते, थर पातळ बसतो.

बुडवून लावताना तीन सेकंद पुरतात. वाळल्यावर सुईने ओरखडून पाहा: थर सुमारे एक मिलिमीटर हवा.

फक्त तापमापकावर विसंबू नका. कोन ६ (भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका) ताशी ६० अंशांनी तापवल्यास सुमारे १२२० ला वाकतो, ताशी १५० अंशांनी १२४० च्या आसपास. म्हणून भट्टीतल्या प्रत्येक फळीवर कोन ठेवा. वर-खाली फरक निघतोच.

क्रेझिंग (ग्लेझला पडणाऱ्या बारीक भेगा) म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसले. भट्टी सावकाश थंड केल्याने ते फार तर लांबते. ग्लेझमध्ये सिलिका थोडी थोडी वाढवत चाचणी घ्या, नाहीतर माती बदला. कडांवरून ग्लेझच्या चकत्या सुटत असतील तर गणित उलटे आहे: ग्लेझ मातीपेक्षा कमी आकसले. असे भांडे जेवणासाठी अजिबात वापरू नका.

तांबे असलेले ग्लेझ ऑक्सिडेशनमध्ये (भट्टीत भरपूर हवा असताना) सहसा हिरवे येते, रिडक्शनमध्ये (हवा कमी ठेवल्यावर) लाल होऊ शकते. साध्या विजेच्या भट्टीत त्या लालची आशा धरू नये. मॅट पोत हवा असेल, तर कमाल तापमानानंतर उतार सावकाश ठेवा, म्हणजे स्फटिक वाढायला वेळ मिळतो. भराभर थंड केल्यास तेच ग्लेझ चकचकीत निघते. पट्टीच्या पाठीवर माती, थर, फळी आणि उताराचा वेग लोह ऑक्साइडने लिहून ठेवा. शाई भट्टीत जळून जाते.