एसी वाढवूनही उकडतेच? मोजमापातील या चुका टाळा

उकडते अशी तक्रार आली की पहिला हात थर्मोस्टॅटकडे जातो, आणि मला सर्वांत जास्त चीड याच चुकीची आहे. शरीराला जाणवणारी उष्णता केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. भिंती, छत आणि काचा यांच्याकडून येणारे प्रारण (किरणांवाटे पोहोचणारी उष्णता), हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि चाललेले काम हे बाकीचे पाच घटक थर्मोस्टॅटला दिसतच नाहीत.

एका कार्यालयात मला बोलावले तेव्हा पश्चिमेच्या काचेलगत बसणारे दुपारी तीननंतर घामाघूम होत होते आणि आतल्या रांगेतील एक बाई शाल पांघरून टंकलेखन करत होत्या. थर्मोस्टॅट २४ वरून २० अंशांवर आणलेला होता. देखभालीच्या तरुणाने तापमापक फिरवून "सगळीकडे वीसच आहे, सर" असे सांगितले, आणि ते खरेही होते. मात्र मी काळा गोल-तापमापक, म्हणजे हवेबरोबर प्रारणही टिपणारा, पोकळ काळ्या गोलात बसवलेला तापमापक ठेवला तेव्हा काचेजवळ २७ आणि आत २१ अंश भरले. काचेला हाताची मागची बाजू लावली असती, तरी उपकरणाशिवायही कारण कळले असते. संथ हवेत जाणवणारे तापमान म्हणजे ढोबळमानाने हवेचे तापमान आणि सभोवतालच्या पृष्ठभागांचे सरासरी प्रारण-तापमान यांचा मध्य, त्यामुळे हवा कितीही गार केली तरी तापलेली काच आपला वाटा वसूल करतेच. तिथे काचेबाहेर झडपा बसवल्या आणि तोवर टेबले दीड मीटर आत सरकवली. आतले पडदे स्वस्त पडतात खरे, पण ऊन काचेतून आत शिरल्यावर ते स्वतःच तापून खोलीला उष्णता देत बसतात.

दुसरी चूक घाईची. १५० मिलिमीटर व्यासाचा गोल स्थिरावायला साधारण वीस मिनिटे लागतात, आणि नवशिके दोन मिनिटांत आकडा टिपून पुढच्या खोलीत जातात. इतकी घाई असेल तर टेबल टेनिसच्या चेंडूला करडा रंग देऊन आत संवेदक बसवावा. तो लवकर स्थिरावतो.

केवळ डोक्याच्या उंचीवर मोजू नये. बसलेल्या माणसासाठी ०.१, ०.६ आणि १.१ मीटर या तिन्ही उंचींवर मोजावे, कारण गारठलेले घोटे वरच्या आकड्यात कधीच दिसत नाहीत.

रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवू नये. तो हवा नव्हे, माणूस गार करतो.

या सहाही घटकांवरून लोकांना सरासरी किती गरम वा गार वाटेल याचा अंदाज देणाऱ्या फँगर यांच्या निर्देशांकाचे गणित शून्यावर, म्हणजे 'ना गरम ना गार' यावर आले म्हणून सगळे समाधानी असतील असे गृहीत धरू नये, कारण त्याच गणितानुसार तेव्हाही ५ टक्के लोक असमाधानी राहतात. शिवाय खिडक्या उघडून राहणाऱ्या इमारतींना तो आंधळेपणाने लावू नये. तिथे लोक बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेतात आणि त्यासाठी अनुकूलनाचे वेगळे प्रारूप आहे.

खोलीतल्या लोकांना "ठीक आहे ना?" असे विचारल्यास "हो" हेच उत्तर येते. मी उणे ३ (खूप थंडी) ते अधिक ३ (खूप उकाडा) अशी सात टप्प्यांची पट्टी पुढे ठेवतो. मात्र जिने चढून नुकत्याच आलेल्या माणसाला लगेच विचारत नाही. त्याला आधी वीसेक मिनिटे बसू देतो, आणि तेवढ्यात माझा गोलही स्थिरावलेला असतो.