खराब रस्त्यावर कॉइलओव्हर: या चुका टाळा

स्पोर्ट्स कारला कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं, उंची बदलता येणारं सस्पेन्शन) बसवले की चार दिवसांत शॉकअपचा कडकपणा बदलणारा नॉब पूर्ण हार्डकडे फिरवलेला असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "रस्ता खराब आहे, गाडी उडते, हार्ड केल्यावर कंट्रोल येतो." ही समजूत मला सगळ्यात महागडी वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दलच.

एकच नॉब असलेल्या बऱ्याच किटमध्ये तो मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडेल ते. खड्डा एकटाच असेल तर हार्ड रिबाउंड खपून जातो. पण आपल्याकडे खड्डे एकामागोमाग येतात. पहिल्या दणक्याने चाक वर जातं, पूर्ण खाली यायच्या आत दुसरा दणका बसतो, मग तिसरा. दर वेळी गाडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर दणका झेलणाऱ्या फोमच्या तुकड्यावर, आपटते. आत बसलेल्याला वाटतं, सस्पेन्शन मऊ आहे. म्हणून तो नॉब आणखी हार्ड करतो.

ताम्हिणीत पावसाने उखडलेल्या रस्त्यावरून एक जण टू-सीटर घेऊन आला होता. तरुण मुलगा, गाडीवर जीव. म्हणाला, "दादा, पुढून धाडधाड लागते. स्प्रिंगच मऊ आहेत, कडक मागवा." नवीन स्प्रिंगची ऑर्डर द्यायच्या तयारीतच आला होता. मी आधी पुढच्या शॉकअपच्या दांड्याला केबल टाय बांधला, शॉकअपच्या नळीपर्यंत खाली सरकवला आणि जवळच्या तशाच खराब तुकड्यावरून गाडी नेऊन आणली. टाय थेट बंपस्टॉपला जाऊन टेकलेला. बंपस्टॉपचा पिवळा फोम कडेने तुकडे होऊन गळत होता, एका बाजूच्या सीलखाली तेलाचा ओला पट्टा. नॉब शेवटपर्यंत हार्ड. मी तो बराच मागे घेतला, दुसरं काहीही बदललं नाही, पुन्हा त्याच तुकड्यावरून गेलो. या वेळी टाय आणि बंपस्टॉपमध्ये दोन बोटं मावतील एवढी जागा उरली. स्प्रिंग त्याच ठेवल्या. खर्च झाला तो बंपस्टॉपचा आणि गळक्या शॉकअपचा.

माझी पद्धत अशी: पूर्ण सॉफ्टपासून सुरुवात. गाडी उंचवट्यावरून उतरल्यावर एकदा सावरून शांत झाली पाहिजे. डोलत राहिली तर एक-दोन क्लिक हार्ड. क्लिक मात्र पूर्ण बंद (हार्ड) टोकापासून मागे मोजायचे, डावं-उजवं सारखं ठेवायचं, आकडे मास्किंग टेपवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवायचे. टोकाला नॉब अडला की तिथेच थांबा, जोर लावला तर आतली सुई खराब होते. आणि एका वेळी एकच बदल, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने. उंची, नॉब आणि टायरमधली हवा एकाच संध्याकाळी बदलून "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही.

दुसरी चूक उंचीची. ज्या किटमध्ये शॉकअपला चाकाकडे जोडणारा खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलता येत नाही, तिथे स्प्रिंगची रिंग वर चढवून गाडी उंच केली की चाकाला खाली जायची जागा कमी होते. मग चाक खड्ड्यात उतरताना 'ठक्' आवाज येतो आणि लोक लिंक रॉड बदलत बसतात. खालचा ब्रॅकेट फिरणारं किट असेल तर उंची तिथूनच बदला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या जुन्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, ताशी सुमारे २५ किमी वेगासाठी सांगितलाय. सोसायटीतले गतिरोधक अरुंद आणि उभे असतात. त्यामुळे तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट गतिरोधक बघून उंची ठरवा, फोटोत गाडी कशी दिसते यावरून नको. तो चढताना ब्रेक सोडा, ब्रेकवर नाक खाली जातं.

बाकीच्या थोडक्यात. उंची बदलली की अलाइनमेंट त्याच आठवड्यात. टो (वरून पाहिल्यास चाकं आत-बाहेर किती वळली आहेत ते) बिघडला तर टायरची एक कड गुपचूप संपते. सस्पेन्शनच्या आर्मच्या रबर बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. कंपनीची फ्रंट लिफ्ट (गाडीचं नाक वर उचलणारी यंत्रणा) कमी वेगात रॅम्प आणि गतिरोधक ओलांडण्यासाठी असते, ती लावून खड्ड्यांचा रस्ता कापू नका. मूळ शॉकअप इलेक्ट्रॉनिक असतील आणि काढणार असाल तर डॅशवर लागणाऱ्या इशाऱ्याच्या दिव्याचं काय करायचं ते आधी ठरवा. पावसाळा संपला की चिखल धुऊन कॉइलओव्हरचे थ्रेड (आटे) ब्रशने साफ करा. रिंग गंजून बसली की पान्याने न सुटता तिच्या खाचाच मोडतात.