घरातल्या मोठ्यांना फोन शिकवताना टायपिंग शेवटी

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्मार्टफोन शिकवायचा तर टायपिंगपासून सुरुवात करूच नका. आधी सेटिंगमधल्या डिस्प्लेत जाऊन अक्षरं मोठी करून द्या, कीबोर्डमध्ये मराठी जोडा आणि माइकचं चिन्ह दाखवा. त्यावर बोट टेकवून 'लातूर बाजार सोयाबीन भाव' असं त्यांनाच म्हणू द्या. कामाचं काही हाती लागलं की पुढचं ते आपणहून विचारतात. शेतात राबलेल्या कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांचा स्पर्श स्क्रीनला कधी कधी कळतच नाही. बोट किंचित ओलसर करून हलकेच टेकवायचं. दाबून धरलं की भलतंच उघडतं. आणि फोन त्यांच्याच हातात राहू द्या. 'आणा इकडं, मी करतो' म्हणणारा नातू काही शिकवत नसतो!

यूपीआय सुरू करून देणार असाल तर एवढं पक्कं करून घ्या: पिन पैसे द्यायला आणि शिल्लक बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच नाही. 'पीएम किसानचा हप्ता जमा करायचाय, पिन टाका' असं कुणी म्हणालं की फोन सरळ कट करायचा. तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.