५४८ वर अडकलेल्या नेमबाजांसाठी

गेल्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंत माझा दहा मीटर एअर पिस्तुलचा स्कोअर ६०० पैकी ५४८ च्या आसपासच घुटमळत होता. त्या काळात मी ग्रिप दोनदा तासून घेतली, बूट बदलले, चार प्रकारचे पेलेट (छर्रे) वापरून पाहिले. ऑफिस सुटलं की रेंज गाठून शंभर-शंभर शॉट मारायचे. काही हललं नाही. उपयोगी पडला तो ड्राय सराव: पेलेटशिवाय, घरात, पांढऱ्या भिंतीसमोर.

आधी एक हिशेब समजून घ्या, माझे डोळे त्यानेच उघडले. टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी. फोरसाइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी) बॅकसाइटच्या, म्हणजे डोळ्याकडच्या पट्टीच्या, खाचेत मधोमध असेल आणि अख्खा हात ५ मिमी सरकला, तर पेलेटही तेवढाच सरकतो आणि दहा मिळतोच. पण तीच फोरसाइट खाचेत १ मिमी बाजूला गेली, तर दोन साइटमधलं अंतर ३३ सेंमी धरून पेलेट दहा मीटरवर ३० मिमी लांब पडतो. म्हणजे सात! हात सगळ्यांचाच हलतो. आपण मात्र टार्गेटवरचा काळा गोळा स्थिर दिसावा म्हणून धडपडतो, नजर गोळ्यावर जाते, फोरसाइट धूसर होते आणि ती कधी सरकली ते कळत नाही.

भिंतीवर गोळाच नसतो, म्हणून नजर फोरसाइटवर टिकते. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा, पिस्तूल ड्राय मोडवर (हवा न सुटता नुसता खटका पडेल असं) घ्या. हात उचला, फोरसाइटच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा दिसू द्या आणि ट्रिगर दाबा. खटका पडताना फोरसाइट जराही उडाली, तर तो शॉट वाया गेला असं धरा. रोज वीस मिनिटं पुरे. थकलेल्या हाताने केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

ट्रिगरचं वजन नियमाने किमान ५०० ग्रॅम असतं. त्यातलं बरंचसं ट्रिगर दाबण्याच्या पहिल्या टप्प्यातच उचलून ठेवा, हात स्थिरावत असतानाच. ‘आता दहा दिसला, दाब’ असं केलं की सगळा तळवा आवळला जातो. मी उजव्या हाताची, त्यामुळे माझे वाईट शॉट डावीकडे खाली पडायचे.

हे मला वहीमुळे समजलं. रेंजवर प्रत्येक शॉटनंतर, शॉट कुठे लागला ते दाखवणारा मॉनिटर बघण्याआधी, तो कुठे गेला असेल ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहायचं: ‘नऊ, सात वाजता’. मग बघायचं. अंदाज आणि शॉट जुळत नसतील, तर खटका पडताना तुमची नजर फोरसाइटवर नव्हती.

हात खाली घ्यायलाही शिका, मला हेच सर्वांत जड गेलं. ६० शॉटला ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. आठ सेकंदांत शॉट सुटला नाही, तर हात खाली, दोन श्वास, पुन्हा सुरुवात. मार्चमधल्या स्पर्धेत मी अकरा वेळा हात खाली घेतला आणि ५५६ आले.

सुरुवातीचे दोन आठवडे रेंजवर गेलात तरी बेरीज करू नका. वहीत अंदाज लिहून होईपर्यंत मॉनिटरवर रुमाल टाकून ठेवा. मी अजूनही दर सोमवारी टाकते.