स्लोप आणि इंटरसेप्ट वापरून रेष काढायची सोपी पद्धत

एक्सच्या पाच-सहा किमती घ्या, वाय काढा, टेबल भरा, मग बिंदू मांडत बसा... एवढा खटाटोप कशाला? समीकरण 'वाय = एमएक्स + सी' अशा रूपात असेल तर दोनच आकडे बघायचे. सी म्हणजे इंटरसेप्ट, रेष वाय अक्षाला कुठे छेदते ते, आणि एम म्हणजे स्लोप, म्हणजेच चढ.

समजा वाय = (२/३)एक्स − १ आहे. पहिला बिंदू वाय अक्षावर −१ पाशी, (०, −१). आता इथे बरेच जण घोळ घालतात, चढ मोजायला परत आरंभबिंदूवर, म्हणजे (०, ०) वर जातात, तसं नाही करायचं, पेन्सिल आत्ता ठेवलीये तिथूनच पुढे मोजायचं. चढ २/३, त्यातला खालचा आकडा ३, म्हणून ३ घरं उजवीकडे, वरचा २, म्हणून २ घरं वर. आलो (३, १) वर. परत तेच केलं की (६, ३). दोन बिंदूंत रेष होतेच पण तिसरा घ्याच, तीनही एका रेषेत नसले तर कुठेतरी मोजणी चुकलीये हे लगेच कळतं.

चढ नुसता ४ असेल तर तो ४/१ धरा, १ उजवीकडे ४ वर.

खरी गंमत मायनसची. २एक्स + ३वाय = ६ बघून चढ २ आहे असं म्हणू नका हं, आधी वाय एकटा करा: ३वाय = −२एक्स + ६, म्हणजे वाय = −(२/३)एक्स + २. सुरुवात (०, २), मग ३ उजवीकडे आणि २ खाली, (३, ०). मायनस एकदाच वापरायचा! ३ डावीकडे पण आणि २ खाली पण गेलात तर मायनस-मायनस प्लस होऊन रेष उलटी चढायला लागते.

अजून एक, दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं असेल तर घरं मोजू नका, एकक मोजा. वाय अक्षावर १ सेंमी = ५ एकक असेल तर '२ वर' म्हणजे जेमतेम ०.४ सेंमी.

वाय = ५ मध्ये चढ शून्य, रेष आडवी. एक्स = ४ मात्र या साच्यात बसतच नाही, तिला चढच ठरवता येत नाही, तिथे एक्स अक्षावरच्या ४ मधून सरळ उभी रेष ओढायची.